ग्राहक-गरजांचे अभिकल्प-आवश्यकतांमध्ये रूपांतर (अभियांत्रिकी शिक्षण)

ग्राहक-गरजांचे अभिकल्प-आवश्यकतांमध्ये रूपांतर हा अभियांत्रिकी शिक्षणातील एक अध्यापनविषय आहे. वस्तू वापरणारी व्यक्ती आपली अडचण रोजच्या बोलीत सांगते. अभियंत्याला मात्र ती वस्तू घडवण्यासाठी मोजता येतील आणि तपासता येतील अशी विधाने लागतात. बोलीतील अडचणीपासून मोजता येणाऱ्या विधानापर्यंतचा प्रवास मूळ आशय न गमावता कसा करावा, हे विद्यार्थ्यांना शिकवणे हा या विषयाचा गाभा होय. अभिकल्प म्हणजे रूढ भाषेत डिझाइन. यंत्र, स्थापत्य, विद्युत, संगणक अशा सर्वच शाखांत हा टप्पा येतो. त्याला स्वतंत्र पाठ्यपुस्तकी प्रकरण लाभले असले, तरी तो प्रत्यक्षात शिकवला जातो तो प्रामुख्याने प्रकल्पकार्यातून.

संज्ञा

या विषयात तीन शब्द वारंवार येतात आणि विद्यार्थी त्यांची सर्रास गल्लत करतात. 'गरज' ही माणसाची असते. ती वस्तूविषयी नसून माणसाच्या कामाविषयी किंवा त्रासाविषयी असते. 'आवश्यकता' हे वस्तूविषयीचे विधान होय. वस्तूने काय साधले पाहिजे हे ते सांगते, पण कसे साधावे हे सांगत नाही. 'विनिर्देश' म्हणजे आवश्यकतेला दिलेले परिमाण, लक्ष्यमूल्य आणि ते तपासण्याची रीत. "हंडा डोक्यावरून आणताना मान भरून येते" ही गरज आहे. "पाणी आणताना मानेवर भार येऊ नये" ही आवश्यकता आहे. एका खेपेत किती लिटर पाणी, किती चढाचा रस्ता, ढकलण्यास किंवा ओढण्यास किती बल, हे आकड्यांत मांडले की विनिर्देश तयार होतो. "चाकाचा हंडा हवा" हे विधान या तिन्हींपैकी कशातही बसत नाही. ते उत्तर आहे. विद्यार्थ्यांच्या बहुतेक अहवालांत गरजेच्या जागी असे उत्तरच लिहिलेले आढळते.

पूर्वपीठिका

ग्राहकाचे बोल आणि तांत्रिक गुणधर्म यांची शिस्तशीर सांगड घालण्याची पद्धत जपानमध्ये विकसित झाली. योजी आकाओ यांनी 1960 च्या दशकात या दिशेने मांडणी सुरू केली. 1972 मध्ये मित्सुबिशी कंपनीच्या कोबे येथील जहाजबांधणी कारखान्यात या विचाराला तक्त्याचे रूप मिळाले. आकाओ व शिगेरू मिझुनो यांनी तो क्वालिटी फंक्शन डिप्लॉयमेंट या नावाने पुढे नेला. जॉन हाउसर आणि डॉन क्लॉसिंग यांनी 1988 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त मोटारीच्या दाराचे उदाहरण घेऊन हा तक्ता समजावून दिला आणि 'हाउस ऑफ क्वालिटी' हे नाव जगभरच्या वर्गांत पोहोचले. तक्त्याच्या डाव्या बाजूस ग्राहकाची वाक्ये असतात, वरच्या बाजूस मोजता येणारे गुणधर्म असतात आणि मधल्या चौकटींत दोहोंचा संबंध किती घट्ट आहे हे नोंदवले जाते. एक गुणधर्म सुधारताना दुसरा बिघडतो का, हे सर्वांत वरच्या त्रिकोणी छपरात दाखवतात. घराच्या आकारामुळेच त्यास हे नाव मिळाले.

नोरिआकी कानो यांनी 1984 मध्ये गरजांचे केलेले वर्गीकरणही अभ्यासक्रमांत रूढ आहे. काही गरजा ग्राहक बोलूनच दाखवत नाही, कारण त्या तो गृहीत धरतो. कुकर विकत घेताना 'तो फुटू नये' असे कोणी दुकानदाराला सांगत नाही. काही गरजा तो स्पष्ट सांगतो, तर काहींची त्याला कल्पनाच नसते आणि त्या भागल्या की तो हरखतो. प्रश्नावली भरून घेतल्याने यांतील केवळ मधला प्रकार हाती लागतो. कार्ल उलरिक व स्टीव्हन एपिंजर यांच्या 1995 पासून निघणाऱ्या पाठ्यपुस्तकात म्हणूनच मुलाखत आणि वापराचे प्रत्यक्ष निरीक्षण यांवर भर आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

भारत जून 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाने ठरवलेल्या पदवीधरांच्या गुणवैशिष्ट्यांत उपाययोजनेचा अभिकल्प हे एक वैशिष्ट्य आहे. हा अभिकल्प सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता, तसेच सांस्कृतिक, सामाजिक आणि पर्यावरणीय बाबी ध्यानात घेऊन केलेला असावा, अशी त्यात अपेक्षा आहे.

मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या सुधारित अभियांत्रिकी अभ्यासक्रमात, म्हणजे 'सी' योजनेत, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाला लघुप्रकल्प ठेवण्यात आले. विद्यार्थ्यांनी लहान गट करून पाहणी करावी, गरजा ओळखाव्यात आणि मार्गदर्शक शिक्षकांशी विचारविनिमय करून त्या गरजांचे समस्याविधानात रूपांतर करावे, असे या अभ्यासक्रमात स्पष्ट म्हटले आहे. मूल्यमापनाच्या निकषांतही पाहणीचा दर्जा आणि गरजेवर आधारलेल्या समस्याविधानाची स्पष्टता यांना स्थान आहे. कागदावर हा क्रम निर्दोष आहे. व्यवहारात बहुधा आधी जालावर एखादे यंत्र पाहिले जाते, मग ते करायचे ठरते आणि शेवटी त्यास शोभेल अशी गरज लिहिली जाते.

महाराष्ट्रातील अध्यापनपरंपरा

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 1969 मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र स्थापन झाले. जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी यांचा त्याच्या उभारणीत पुढाकार होता. अभियांत्रिकीच्या पदवीधरांना वस्तूइतकेच ती वापरणाऱ्या माणसाकडेही पाहायला लावणारे हे देशातील आरंभीचे केंद्र होय.

त्याच संस्थेत 1985 मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान-पर्यायांचा विचार करणारे केंद्र सुरू झाले. ते 'सितारा' या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. येथील पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला काही काळ गावात राहून काम करावे लागते. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्याची पेयजल-समस्या हे या केंद्राचे दीर्घकाळ चाललेले कार्यक्षेत्र आहे. पाणीटंचाईच्या प्रश्नात 'ग्राहक' कोण, हेच आधी ठरवावे लागते. पाणी भरणारी स्त्री, पाणीपट्टी भरणारे कुटुंब, योजना चालवणारी ग्रामपंचायत आणि ती मंजूर करणारा विभाग या चौघांच्या गरजा एकमेकींशी जुळतातच असे नाही. राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने 2016 मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. या धर्तीचे क्षेत्रकार्य इतर अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत नेणे हा त्याचा हेतू होता.

वैद्यकीय उपकरणांच्या क्षेत्रात याच संस्थेतील 'बेटिक' हे जैववैद्यकीय अभियांत्रिकी केंद्र 2014 पासून कार्यरत आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय व नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांचाही त्यात सहभाग राहिला. येथे डॉक्टर, अभियंते आणि अभिकल्पकार एकत्र बसून आधी गरज निश्चित करतात. उपकरण डॉक्टर निवडतो, परिचारिका हाताळते, रुग्णाच्या अंगाला लावले जाते आणि पैसे रुग्णालय मोजते. त्यामुळे 'सुटसुटीत' या एका शब्दाचे चार अर्थ निघतात.

आपटा परिसर

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील आपटा हे पाताळगंगा नदीकाठचे गाव या अध्यापनाच्या दृष्टीने बोलके आहे. दिव्याहून पनवेलमार्गे आलेला लोहमार्ग 1960 च्या दशकात येथवर पोहोचला आणि 1986 मध्ये पुढे रोह्यापर्यंत गेला. शेजारच्या रसायनीत हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्यामुळे औद्योगिक वसाहत वाढली. पुढे तेथेच मुंबई विद्यापीठाशी संलग्न असे पिल्लई एचओसी अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. भातशेती, रासायनिक उद्योग, रेल्वेने ये-जा करणारा नोकरदार वर्ग आणि कातकरी व ठाकूर समाजाच्या वाड्या या सर्वांचा शेजार थोड्याच अंतरात सापडतो. लघुप्रकल्पासाठी पाहणी करायची तर विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. वर्गाबाहेर मात्र पडावे लागते.

अशा परिसरात विद्यार्थ्यापुढे पहिला अडसर येतो तो भाषेचा. शेतकरी आगरी किंवा कातकरी बोलीत बोलतो, विद्यार्थी प्रमाण मराठीत ऐकतो आणि अहवाल इंग्रजीत लिहितो. प्रत्येक पायरीवर आशयाचा थोडा अंश गळतो. तंत्रशिक्षणाच्या चर्चेत या गळतीचा विचार फारसा होत नाही; वास्तविक तक्ते आणि आकडेमोड यांहून ती अधिक नुकसान करते.

बोलीतील शब्द आणि मोजमाप

"हे औजार जड जाते" असे शेतकरी म्हणतो तेव्हा ते वजनाने जड आहे असा त्याचा अर्थ असेलच असे नाही. मराठीत एखादी गोष्ट 'जड जाणे' म्हणजे ती झेपण्यास कठीण वाटणे. मूठ हातात नीट बसत नसेल, तोल पुढे जात असेल, चिखलात पाते रुतत असेल, तरी वाक्य तेच राहते. या वाक्याचे 'वजन कमी असावे' असे रूपांतर करणारा विद्यार्थी लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम वापरतो. औजार हलके होते आणि तरीही जड जाते.

'परवडत नाही' हा असाच दुसरा शब्दप्रयोग. तो किमतीविषयी असतो, तसाच वेळेविषयी, भाड्याविषयी, दुरुस्तीसाठी पनवेलला घालाव्या लागणाऱ्या खेपेविषयीही असतो. 'टिकाऊ' म्हणजे किती टिकाऊ, हे विचारल्यावर कोणी "दोन पावसाळे" म्हणतो, तर कोणी "मुलाच्या हातात जाईपर्यंत" म्हणतो. 'चालेल' हा शब्द तर पसंतीपेक्षा सौजन्याचाच अधिक असतो. दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणू नये, हा आपल्याकडचा शिरस्ता आहे. त्यामुळे "असे यंत्र केले तर तुम्ही वापराल का?" या प्रश्नाला होकार मिळणे हा पाहणीचा निष्कर्ष मानता येत नाही.

म्हणून क्षेत्रकार्यात पुढील शिस्त पाळली जाते. ऐकलेले वाक्य बोलणाऱ्याच्याच शब्दांत, देवनागरीत, जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. अर्थ त्याच्याखाली वेगळ्या ओळीत लिहायचा. अर्थ लावण्याआधी निदान एक प्रश्न परत विचारायचा: "म्हणजे नेमके केव्हा?" किंवा "शेवटचे असे कधी झाले?" गेल्या खेपेचा प्रसंग सांगताना माणूस मत देत नाही, घटना सांगतो, आणि घटनेत मोजण्याजोगे पुष्कळ असते. शक्य तेथे काम चालू असताना शेजारी उभे राहून पाहायचे. हात कोठे धरला जातो, मध्येच काम का थांबते, कोणती वस्तू मूळ हेतू सोडून भलत्याच कामाला वापरली जाते, या गोष्टी मुलाखतीत कोणी सांगत नाही.

आकड्यांकडे येताना प्रमाणित माहितीचा आधार घ्यावा लागतो. मुठीचा व्यास किंवा खांद्याची उंची विद्यार्थ्याने अंदाजाने ठरवायची नसते. भारतीय शरीरमापांचे देबकुमार चक्रवर्ती यांनी सिद्ध केलेले संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने 1997 मध्ये प्रसिद्ध केले आहे आणि ते अभिकल्पाच्या वर्गांत सर्रास वापरले जाते. परदेशी पुस्तकांतील सरासरी पुरुषाचे माप घेऊन केलेले औजार लावणी करणाऱ्या स्त्रीच्या हाती बसत नाही.

भातलावणीचे उदाहरण

कोकणातील वर्गात चर्चेला घेण्याजोगे उदाहरण म्हणजे भाताची लावणी. "लावणीत दिवसभर वाकून कंबर धरते" हे मूळ वाक्य. विद्यार्थ्यांचे पहिले रूपांतर जवळजवळ ठरलेले असते: 'स्वस्त लावणीयंत्र तयार करणे'. येथे शिक्षकाला थांबवावे लागते. कंबर धरते ती वाकल्याने. वाकावे लागते ते रोप चिखलात खोचायचे असते म्हणून. रोप खोचायचे ते वाफ्यातून उपटून आणलेले असते म्हणून. एकेक 'का' विचारत मागे गेल्यावर आवश्यकता निराळ्या शब्दांत समोर येते: ठरावीक मुदतीत, ठरावीक अंतरावर भाताची जोमदार रोपे शेतात उभी असावीत आणि त्यासाठी कोणास दीर्घकाळ वाकावे लागू नये. या विधानात यंत्राचा उल्लेख नाही, लावणीचाही नाही.

आता मोजायचे काय, हे ठरवता येते. एका गुंठ्यामागे वाकलेल्या स्थितीत गेलेली मिनिटे, एका चौरस मीटरमधील रोपांची संख्या, दोन रोपांतील अंतरात पडणारा फरक, रुजून टिकलेल्या रोपांचे प्रमाण आणि मनुष्यतास हे मोजता येणारे गुणधर्म झाले. त्यांच्या जोडीला परिसराच्या अटी येतात. येथील खाचरे लहान व बांधाबांधांची असतात, म्हणून साधन एकट्या माणसाला उचलून बांध ओलांडता आला पाहिजे. ते पावसात भिजणार, चिखलाने माखणार आणि वर्षातून काही दिवसच वापरले जाणार. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात ते दुरुस्त होत नसेल, तर पहिल्या बिघाडानंतर ते पडवीत पडून राहणार.

याच जिल्ह्यात या प्रश्नाला मिळालेले एक उत्तर विद्यार्थ्यांना चकित करते. कर्जत तालुक्यातील नेरळ येथील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या 'सगुणा राइस टेक्निक' अर्थात एसआरटी पद्धतीत राब, चिखलणी आणि लावणी ही तिन्ही कामे वगळली आहेत. कायमच्या गादीवाफ्यांवर लोखंडी साच्याने ठरावीक अंतरावर छिद्रे पाडून त्यांत थेट बियाणे टोकले जाते. कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवली जातात. समस्याविधान 'लावणीयंत्र' असे लिहिले असते, तर हे उत्तर विचाराच्या कक्षेतच आले नसते.

हे उदाहरण तेथेच संपवणे मात्र एकांगी ठरेल. चिखलणी ही केवळ रोप खोचण्यासाठी नसते. ती तणही दाबते. ती वगळली की तणनियंत्रण ही नवी आवश्यकता पुढे येते आणि तिच्यासाठी तणनाशक किंवा अन्य उपाय योजावा लागतो. जुन्या रीतीत एक काम किती गरजा एकाच वेळी भागवत होते, हे ती रीत मोडल्यावरच कळते. आवश्यकतांची यादी म्हणूनच एकदा लिहून बंद करायची नसते.

आंब्याचा झेला

दुसरे परिचित उदाहरण झेल्याचे. हापूस आंबा ओढून तोडला की देठ तुटतो आणि चीक फळावर ओघळून सालीवर डाग पडतात. डागाळलेल्या फळाला भाव कमी मिळतो. बागायतदाराची तक्रार डागाची असते. ती आवश्यकतेत उतरते ती 'फळ काही सेंटिमीटर देठासह निघावे' अशी. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या 'नूतन झेल्या'त पात्याची योजना आहे. त्यामुळे देठ कापला जातो आणि फळ जाळीत पडते. झेल्याची काठी किती लांब असावी, टोकाशी भार किती असावा, एका वेळी जाळीत किती फळे राहावीत या आवश्यकता परस्परविरोधी आहेत. जाळी मोठी केली की खेपा कमी होतात, पण उंच धरलेल्या काठीच्या टोकाचा भार खांद्याला जाणवतो. 'हाउस ऑफ क्वालिटी'चे छप्पर समजावून देण्यासाठी मोटारीच्या दारापेक्षा हे उदाहरण कोकणातील विद्यार्थ्याला लवकर पटते.

फसलेली रूपांतरे

सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 मध्ये सुरू झाला आणि 2002 मध्ये थांबला. धूर कमी व्हावा आणि सरपण वाचावे, हे त्याचे रास्त हेतू होते. प्रयोगशाळेत औष्णिक कार्यक्षमता मोजता येते. भारतीय मानकांतही तिच्या चाचणीची रीत दिलेली आहे. पण स्वयंपाक करणारीच्या गरजांत भाकरी निखाऱ्यावर फुलणे, लांब लाकूड न तोडता सारता येणे, घरातील लहानमोठी भांडी बसणे, पावसाळ्यात त्याच उष्णतेवर ओले सरपण वाळणे या बाबीही होत्या. जे मोजणे सोपे होते ते विनिर्देशात आले. जे विचारले गेले नाही ते बाहेर राहिले. अनेक घरांत नवी चूल असूनही जुनी विझली नाही.

टाटा नॅनो हे अधिक गुंतागुंतीचे उदाहरण होय. पावसात एका दुचाकीवर चौघांचे कुटुंब, हे तिच्यामागचे दृश्य सर्वश्रुत आहे. पुण्यात विकसित झालेली, 624 घनसेंटिमीटर इंजिनाची ही मोटार जानेवारी 2008 मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात दाखवली गेली आणि मार्च 2009 मध्ये बाजारात आली. एक लाख रुपयांच्या लक्ष्यमूल्यापासून मागे येत प्रत्येक भागाचा विनिर्देश ठरवण्याची तिची रीत अभियांत्रिकीच्या दृष्टीने असामान्य होती. उत्पादन 2018 मध्ये थांबले. 'सर्वांत स्वस्त मोटार' ही ओळख तिला भोवली, असे रतन टाटा यांनीही पुढे मान्य केले. दुचाकीवरून मोटारीकडे जाणाऱ्या कुटुंबाला सुरक्षितता हवी होती, तशीच प्रतिष्ठाही हवी होती. दुसरी गरज कोणी प्रश्नावलीत लिहून देत नाही. वर्गात हे उदाहरण यशापयशाचा निवाडा करण्यासाठी न वापरता, कोणती गरज कोणत्या रकान्यात बसली नाही हे शोधण्यासाठी वापरले तर उपयोगी पडते.

अध्यापनातील अडचणी

सत्र लहान असते, एका शिक्षकाकडे अनेक गट असतात आणि परीक्षकासमोर चालते यंत्र ठेवावे लागते. गरज समजून घेण्यात दोन महिने घालवून यंत्र अपुरे ठेवणाऱ्या गटापेक्षा, कोणाला नको असलेले यंत्र पूर्ण करणारा गट बहुधा अधिक गुण मिळवतो. मूल्यमापनाच्या निकषांत पाहणीला स्थान असले, तरी तिचा दर्जा तपासण्यास परीक्षकापाशी वेळ नसतो. मित्रांकडून भरून घेतलेल्या गूगल फॉर्मचे रंगीत आलेख पाहणी म्हणून खपून जातात. राष्ट्रीय पातळीवरील स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसारख्या स्पर्धांत समस्याविधाने मंत्रालये व उद्योग यांच्याकडून तयार येतात. त्यामुळे विद्यार्थ्यांना खऱ्या प्रश्नांवर काम करण्याची संधी मिळते. परंतु गरज शोधण्याचा अवघड भाग तेथे आधीच कोणीतरी केलेला असतो.

क्षेत्रकार्यात एक नैतिक बाजूही आहे. दरवर्षी नवा गट त्याच वाडीत जाऊन तेच प्रश्न विचारतो, छायाचित्रे घेतो आणि सत्र संपल्यावर परतत नाही. काही शिक्षक त्यावर उपाय म्हणून मागील वर्षीच्या नोंदी पुढील गटाच्या हाती देतात. तयार झालेला नमुना, तो अपुरा असला तरी, ज्याचे वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहिले होते त्याच माणसाकडे नेऊन त्याच्या हातात देण्याची अटही ते घालतात. त्या भेटीत तो जे बोलतो ते पुन्हा त्याच्याच शब्दांत लिहून घेतले जाते आणि पुढील वर्षीच्या गटाचे काम तेथून सुरू होते.